शब्दचर्चा: दहा जण मागे ठेवून खेळणाऱ्या संघाला मराठीत काय म्हणाल?

मधलीफळी
आमच्या पंधरा वर्षांखालच्या पोरांची रविवारी ढोबरवाडीला मॅच आहे. समोरच्या संघाचा खेळ पाहून ठेवलाय. एक पोरगा सेंटर सर्कलजवळ, बाकी सगळे स्वतःच्या डीच्या तोंडाशी. चेंडू हवा तेवढा वेळ तुमच्याकडे ठेवा, आम्ही इथून हलत नाही, असा कारभार. शनिवारी संध्याकाळी फळ्यावर आखून मुलांना समजावायचंय. निम्मी मुलं मराठी शाळेतली. इंग्रजी शब्द सगळ्यांना पाठ आहेत, कारण मोबाइलवर तेच खेळतात, पण 'हाफ स्पेसमध्ये जा' म्हटलं की चौघं चार दिशांना जातात. लो ब्लॉक (म्हणजे हाच मागे बसण्याचा खेळ), हाफ स्पेस, स्विच, कटबॅक यांना तुम्ही काय म्हणाल? परिभाषाकोशातले शब्द नकोत. साइडलाइनवरून ओरडता आले पाहिजेत.

नारायणपेठी
'बचावात्मक खेळ' हा शब्द संघाचा स्वभाव सांगतो, जागा सांगत नाही. 'खोल बचाव' वाचलं की मला विहीर दिसते. 'तटबंदी' म्हणा, चालेल.

इटलीत या खेळाला 'कातेनाच्चो' म्हणतात, म्हणजे दाराची कडी. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, कार्ल राप्पान या प्रशिक्षकाने स्वित्झर्लंडमध्ये ही पद्धत रुजवली. तिचं फ्रेंच नाव 'व्हेरू', तीही कडीच. आपल्याकडे वाड्याच्या दाराला आतून आडवा लाकडी दांडा घालत, तो अडसर. आता बिचारा फक्त 'विकासातला अडसर' म्हणून अग्रलेखांत उरलाय. बचावफळीच्याही मागे एक मोकळा गडी ठेवायचा, त्याने कुणालाच धरायचं नाही, निसटून येईल ते झाडून काढायचं. इंटर मिलानमध्ये हे काम आर्मांदो पिकी करायचा. त्या गड्याला मी 'अडसर' म्हणेन.

हिंजवडीतला
काका, अडसर झकास आहे, पण तसा मोकळा गडी आता कोण ठेवतं? आज चार-चारच्या किंवा पाच-चारच्या दोन फळ्या असतात, दोन्ही एकमेकींना चिकटून. चेंडू डावीकडे गेला की दोन्ही डावीकडे सरकतात. आणि 'बस पार्क करणे' आता इतकं रुळलंय की बदलायची गरज नाही. 2004 मध्ये टॉटनहॅमने चेल्सीला चेल्सीच्याच मैदानावर 0-0 असं रोखलं, तेव्हा चेल्सीचा प्रशिक्षक मोरिन्यो ते चिडून बोलला आणि पोर्तुगालमधली म्हण जगभर झाली.

रंकाळा
पार्क कशाला, 'बस आडवी लावलीया' म्हणा की. रस्ता अडवायचा म्हणजे आडवीच लावत्यात. पार्क केलेल्या बसच्या शेजारनं जाता येतंय.

सूरपाटी
रंकाळा, मान्य. पण तुम्ही सगळे एकाच शब्दात दोन वेगळे संघ कोंबताय.

एक संघ ठाण मांडून बसतो. त्याला बरोबरी हवी असते, चेंडू मिळाला की तो लांब भिरकावतो, परत जागेवर. सप्टेंबर 2019 मध्ये दोह्याला आपण आशियाई विजेत्या कतारला 0-0 रोखलं, छेत्री नसताना, तेव्हा बहुतेक वेळ आपण ठाण मांडून होतो आणि गुरप्रीत गोलात उभा राहून एकामागून एक चेंडू अडवत होता.

दुसरा संघ दबा धरून बसतो. तोही मागेच असतो, पण त्याची नजर तुमच्या मागच्या मोकळ्या मैदानावर असते. 2022 च्या विश्वचषकात जपानने स्पेनला 2-1 हरवलं तेव्हा जपानकडे चेंडू जेमतेम 18 टक्के वेळ होता. पहिला अर्धा भाग मागे बसून काढला, मध्यंतरानंतर झेप घेतली आणि तीन-चार मिनिटांत दोन गोल.

दोन्ही संघ फळ्यावर सारखेच दिसतात. मराठीत मात्र 'ठाण' आणि 'दबा' कधीच एक नव्हते. सेंटर सर्कलपाशी जो पोरगा उभा आहे म्हणता, तो पळायला कसा आहे?

मधलीफळी
वाऱ्यासारखा. त्यांचे बहुतेक गोल त्याचेच.

सूरपाटी
मग दबा आहे. समोर ठाण असेल तर सगळे पुढे गेलात तरी फारसं बिघडत नाही. दबा असेल तर पिछाडी राखावी लागते. चेंडू आपल्याकडे असतानाच दोघं त्या पोराला धरून, एक त्याच्या पुढे, एक मागे, आणि तिसरा मध्यावर, चेंडू हरवला त्या क्षणी अंगावर जायला मोकळा. 'मागे राहा' असं ओरडलात तर मुलं खरंच मागे राहतील, तीस मीटर लांब. 'पिछाडी राख' म्हणा. शब्द लढाईतला आहे, त्यात काम आहे.

हिंजवडीतला
लढाईतलेच शब्द घ्यायचे तर हा सरळ गनिमी कावा झाला. आपण गनिमी काव्याने खेळायचं!

नारायणपेठी
अहो, गनिमी कावा कोण करतं? ज्याची फौज लहान असते तो. मोठ्या फौजेला आत ओढायचं, थकवायचं, अडचणीच्या जागी गाठायचं. रविवारी तो कावा समोरचा संघ करणार आहे. चेंडू तुमच्याकडे, गडी पुढे, लवाजमा पसरलेला. रविवारी तुम्ही मुघल आहात.

मधलीफळी
हे पोरांना सांगितलं तर एकही मैदानात उतरणार नाही.

नारायणपेठी
नका सांगू. पण 'गोल' हा शब्द मात्र त्यांना सांगा. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला मराठ्यांनी जी लढाई आखली होती ती गोलाची. हा गोल म्हणजे बांधून धरलेली फौज. इब्राहिमखान गारद्याचा आग्रह असा, की तोफा आणि कवायती पायदळाच्या आश्रयाने, फळी न मोडता सरकायचं. गारदी रोहिल्यांना मागे रेटत असताना विंचूरकर आणि गायकवाडांची पथकं शत्रू पळतोय म्हणून गोल सोडून पुढे धावली आणि तिथे जागा मोकळी पडली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या समोरचा प्रशिक्षक पोरांना दुसरं काय सांगत असणार? गोल मोडू नका. चेंडूच्या मागे एकटा पळत सुटू नका. तेव्हा तुम्हाला गोल करायचा असेल तर आधी त्यांचा गोल मोडावा लागेल. कोटी नाही, डावपेच सांगतोय.

सूरपाटी
कोटीच आहे, पण बरोबर आहे. मोडायचा कसा, तर हूल देऊन. खो-खोत आणि कबड्डीत रोजचा शब्द आहे हा, फुटबॉलवाले उगाच 'डमी रन' म्हणतात. आघाडीचा गडी गोलाकडे न धावता उलटा, चेंडूकडे येतो. त्याला धरलेला बचावपटू दोन पावलं मागोमाग येतो. ती दोन पावलं म्हणजे साखळीतली एक कडी सुटली. तिथून दुसऱ्याने घुसायचं. हूल देणाऱ्याला चेंडू मिळतच नाही, आणि हेच मुलांना आवडत नाही. 'तुला चेंडू येणार नाही, तरी पळ' हे पंधराव्या वर्षी कुणालाही पटवणं अवघड.

हिंजवडीतला
'साखळी' वापरू नका. पेपरात साखळी सामने, साखळी फेरी असतं. मुलांना वाटेल लीगबद्दल चाललंय.

सूरपाटी
कबड्डी खेळलेल्या पोराला असं वाटणार नाही. दोघांनी हात धरला की साखळी, हे त्याला आधी माहीत असतं, लीग नंतर.

रंकाळा
हाफ स्पेसचं काय? बगल आणि मध्य ह्यांच्या मधली पट्टी ती. जर्मन लोकांनी नाव दिलंय म्हणं.

नारायणपेठी
हो, 'हाल्बराउम', अर्धी जागा. 'अर्धावकाश' असलं काही करू नका. पेठेत ज्याला बोळ म्हणतात तेच हे. हमरस्त्यावर गर्दी, वाड्यांना भिंती, आणि मधून एक बोळ थेट मागच्या चौकात निघतो. त्यांचा सेंटर बॅक आणि बगलेचा बॅक यांच्यामधून जाणारी वाट म्हणजे बोळ. तिथे उभ्या असलेल्या गड्याला कोणी धरायचं, याचा त्या दोघांत घोळ होतो. शिवाय तिथून गोलही दिसतो आणि बगलही. ओरडायलाही सोपं आहे, 'बोळात!'

मधलीफळी
हे घेतलं. आमच्यातली दोन पोरं तपकीर गल्लीजवळची आहेत, त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. पण त्यांच्या दोन फळ्यांमधली आडवी जागा? ती बोळ नव्हे.

नारायणपेठी
ती बखळ. दोन घरांमधली पडीक मोकळी जागा. शब्द मरायला टेकलाय, कारण पुण्यात बखळ उरलीच नाही, सगळीकडे इमारती. तुमच्या पोरांना माहीत नसेल.

मधलीफळी
नाही माहीत. तिथे 'मधे' म्हणूनच भागवतो. बगलेचं काय करू? 'बगलेवरून जा' म्हटलं की दोघं हसतात आणि एक काखेत हात घालून दाखवतो.

नारायणपेठी
त्यात 'बगल देणे' म्हणजे प्रश्न टाळणे. लष्करी बगल छापील मराठीत शोभते, 'डाव्या बगलेवरून चाल रचली' वगैरे. मैदानावर 'कडेने' म्हणा.

चाल म्हणालो ते मुद्दाम. क्रीडापानांवर प्रत्येक आक्रमणाला 'चढाई' म्हणायची सवय आहे. चढाई कबड्डीची. एकटा जातो, तीस सेकंदांत परत येतो. तटबंदीवर एकट्याने चढाई केली की चेंडू जातो, हा अनुभव असेलच. चौघांनी मिळून करतात ती चाल.

रंकाळा
स्विच म्हणजे चेंडू एका कडंनं पलीकडच्या कडंला टाकणं. त्याला 'पलटव'. झालं.

हिंजवडीतला
'पलटव' छान. कूस बदलणे लिहायला बरं, ओरडायला नाही. पण पलटवण्यात वेग नसेल तर काहीच होत नाही, हे शब्दात येत नाही. दोन्ही फळ्या चेंडूच्या बाजूला सरकल्यात तोवरच पलीकडच्या कडेचा गडी मोकळा असतो. चार पास करून हळूहळू तिकडे पोचलात तर त्याही आरामात सरकून येतात. 2018 मध्ये स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास दिले, सामना 1-1, पेनल्टीवर बाहेर. 2022 मध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर पास, 0-0, पुन्हा पेनल्टीवर बाहेर, आणि या वेळी पेनल्टीतही एक गोल नाही. डावीकडून मागे, मागून उजवीकडे, उजवीकडून परत मागे. याला काय म्हणाल?

नारायणपेठी
गुऱ्हाळ.

मधलीफळी
वा. 'गुऱ्हाळ लावू नका' हे शनिवारी पहिलं वाक्य.

रंकाळा
आता कटबॅक. कडेनं गोलरेषेपर्यंत जायचं आणि चेंडू मागं सारायचा, पेनल्टी स्पॉटच्या आसपास. 'मागं सार!' ह्याच्यापेक्षा नेमकं काय असतंय? क्रॉस उचलून टाकला तर उंच बॅक डोक्यानं काढत्यात, ते त्यांचं रोजचं काम. खालनं मागं सारला तर ते सगळे आपल्याच गोलाकडं तोंड करून पळत असत्यात, वळायला वेळ लागतो. तेवढ्यात आपला मागनं येणारा समोर बघून मारतो.

हिंजवडीतला
याचं जुनं आणि सगळ्यात चांगलं उदाहरण नारायणपेठी काकांच्या अडसरवाल्या संघाविरुद्धच आहे. 1967 च्या युरोपियन कपची अंतिम लढत, लिस्बन, सेल्टिक विरुद्ध इंटर. सातव्या मिनिटाला इंटरचा पेनल्टीवर गोल, आणि मग दार बंद. सेल्टिक तासभर धडका देत राहिले. मग उजव्या कडेचा बॅक क्रेग चेंडू घेऊन डीच्या तोंडाशी आला, त्याने मारला नाही, मागे सारला. धावत कोण आला, तर डाव्या कडेचा बॅक, गेमेल. लांबून सणसणीत, 1-1. शेवटच्या काही मिनिटांत चामर्सने दुसरा घातला. बरोबरीच्या त्या गोलात चेंडू देणारा बॅक आणि मारणाराही बॅकच. त्यांना धरायची जबाबदारी इंटरच्या कुणावरच नव्हती.

सूरपाटी
आणि दोन्ही बॅक एकदम पुढे गेले तेव्हा पिछाडीला कोण होतं, हेही मुलांना विचारा. नाहीतर लिस्बन ऐकून तुमचे दोघे बॅक रविवारी पहिल्या मिनिटापासून पुढे पळतील.

मधलीफळी
पळतीलच. एका वेळी एकच जाईल असं ठरवतो.
आणखी एक. हे लोक मध्यंतराच्या आधीपासूनच वेळ काढायला लागतात. गोली चेंडू पोटाशी धरून झोपून राहतो. 'वेळकाढूपणा' शब्द आहेच, पण मुलं त्यावर चिडतात आणि चिडली की गुऱ्हाळसुद्धा नीट लावत नाहीत.

हिंजवडीतला
2025 पासून नियम बदललाय. गोलीने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर. रेफरी शेवटची पाच सेकंदं हात वर करून मोजतो. तुमच्या स्पर्धेत तो लावतात का ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा, मॅच चालू असताना वाद नको.

रंकाळा
लावला तर फुकटचा कॉर्नर. आणि असल्या संघाविरुद्ध कॉर्नरइतकी चांगली संधी नसतीया. 2004 ला ग्रीसनं सगळ्या युरोपाला कोंडीत धरलं, आणि फायनलला पोर्तुगालविरुद्ध एकमेव गोल घातला तो कॉर्नरवर हेडरनं. दार लावून बसणाऱ्यांना पण शेवटी कॉर्नरच लागला. तुमच्यात डाव्या पायानं कॉर्नर मारणारा कोण आहे का?

मधलीफळी
आहे एक. पण शनिवारी त्याचा क्लास असतो, फळ्यावरचं काही त्याने ऐकलेलं नसणार.

सूरपाटी
त्याला तीनच शब्द फोनवर सांगा. बोळ, पलटव, मागं सार. आणि कॉर्नर पहिल्या खांबाकडे मारायचा की दुसऱ्या, ते आजच ठरवून टाका.