मदत हवी आहे: ‘जनरलायझेशन’ म्हणजे नेहमी टोमणाच का?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय आणि ‘जनरलायझेशन’पाशी गाडी अडलीय. गणितात सोपं आहे, सामान्यीकरण: पायथागोरसचा सिद्धांत काटकोन त्रिकोणापुरता, कोसाइनचा नियम कुठल्याही त्रिकोणाला चालतो. तिथे ते कौतुकाचं काम. पण रोजच्या इंग्रजीत कुणी ‘दॅट्स अ जनरलायझेशन’ म्हणालं की समोरच्याला बहुतेक टोकलेलंच असतं. मग ‘सरसकटीकरण’ लिहू? की सरळ ‘सब घोडे बारा टक्के’?

खरा गोंधळ पुढे आहे. लेखात वाक्य आहे, ‘मॉस्किटोज कॅरी मलेरिया’. माणसांत मलेरिया पसरवते ती अ‍ॅनाफिलीस डासाची मादी, तीही संसर्ग झालेली. तरी हे वाक्य कुणाला खोटं वाटत नाही! सुरुवातीला ‘ऑल’ लावा, लगेच चूक. मराठीत ‘डासांमुळे मलेरिया होतो’ म्हटलं की हा पेच विरघळून जातो, आणि लेखाचा मुद्दाच तो पेच आहे.

‘शितावरून भाताची परीक्षा’ घ्यावंसं वाटलं, पण ती म्हण बहुधा बरोबर निघालेल्या अंदाजासाठी येते ना? दोन्ही छटा पेलणारा एकच शब्द कुणाला सुचतोय का, की ठिकाणाप्रमाणे दोन वापरू? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.