मदत हवी आहे : दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरला की बाण डावीकडे जातात

चुकलेला_बाण : प्रशिक्षकांच्या आग्रहावरून मी दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो. सहापैकी चार बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात किंवा त्याभोवतीच्या लालमध्ये लागतात आणि उरलेले दोन थेट मागच्या जाळीत जातात. साइट (धनुष्यावरचे नेम धरायचे साधन) दोनदा डावीकडे सरकवली, तर नीट लागणारे चारही उजवीकडे गेले. रविवारी क्लबची निवड चाचणी आहे, त्यामुळे नेमका उपाय सांगावा. ‘सराव वाढवा’ हे ऐकून झाले आहे.

गवती_बट : धनुष्य कोणते, दोरी कोणत्या हाताने ओढता आणि अंतर किती, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय बाण डावीकडे जातात म्हणजे वीतभर की हातभर?

पीपप्रेमी : कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेले धनुष्य) घ्यावे. दोरीतल्या पीपमधून, म्हणजे बारीक भोकातून, एकाच डोळ्याला दिसत असल्याने हा प्रश्न जवळपास उरतच नाही. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, ते कंपाउंडवरच.

चुकलेला_बाण : धनुष्य रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले, बिनकप्प्यांचे) आहे, हे मी गृहीत धरले होते. दोरी उजव्या हाताने ओढतो, अंतर १८ मीटर आहे आणि ते दोन बाण मीटरभर तरी बाजूला जातात. कोणते धनुष्य घ्यावे, असे मी विचारलेले नाही.

गवती_बट : मीटरभर म्हटल्यावर निदान सोपे झाले. दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असते. साइटवरची नेमाची पिन उजव्याऐवजी डाव्या डोळ्याने लक्ष्यावर आणली, तर ती सुमारे सहा सेंटीमीटर डावीकडे सरकते. डोळ्यापासून पिन ८५ सेंटीमीटरवर धरली, तर १८ मीटरवर हा फरक सव्वा मीटर होतो. दोरी वाईट सुटली म्हणून बाण एवढा भरकटत नाही. दोन्ही तळव्यांची त्रिकोणी फट करून समोरच्या भिंतीवरचे बटण तीतून पाहा आणि एकेक डोळा मिटा.

चुकलेला_बाण : डावा डोळा मिटल्यावर बटण नाहीसे होते.

डावखुरी_ओढ : म्हणजे आपला डावा डोळाच नेम धरतो. मग डाव्या हाताचेच धनुष्य घ्या. मी तिसऱ्या महिन्यात बदलले आणि आजवर पस्तावले नाही.

गवती_बट : नवा रायझर (धनुष्याचा मधला दांडा), नवा अँकर (ओढलेली दोरी चेहऱ्याशी टेकवायची जागा) आणि सगळी सवय, हे सारे रविवारपर्यंत कसे व्हावे?

टिकलीवाला : चष्मा असल्यास डाव्या काचेवर बुबुळासमोर टिकलीएवढी धुरकट टेप लावावी. उजेड येत राहतो आणि डोळा मिटून चेहरा आवळावा लागत नाही.

गवती_बट : टिकली सरावापुरती ठीक आहे. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमानुसार नेम न धरणाऱ्या डोळ्याची काच झाकायची असेल तर ती पूर्णच झाकावी लागते, किंवा डोळ्यावर पट्टी बांधता येते.

दूरदृष्टी : कोरियाच्या इम डाँग-ह्युनची नजर अतिशय अधू असूनही लंडन २०१२ च्या मानांकन फेरीत त्याने ७२ बाणांत ६९९ गुण मिळवले. नजरेचा बाऊ करू नये.

टिकलीवाला : नजर अधू असल्याची तक्रार येथे कोणी केलेली नाही.

चुकलेला_बाण : चष्मा आहेच, तो सांगायचा राहिला. काल डावी काच औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या चिकटपट्टीने पूर्ण झाकली आणि छत्तीस बाण मारले. जाळीत एकही गेला नाही, परंतु सगळे वीतभर उजवीकडे लागले. आता हे काय?

गवती_बट : दोनदा सरकवलेली साइट मूळ जागी आणलीत का?

चुकलेला_बाण : नाही. मूळ जागेची खूणही केलेली नाही.