‘श्री अमुक प्रासादिक भजन मंडळ’ यातलं ‘प्रासादिक’ नक्की कुठलं?

भाच्याने चार मित्रांबरोबर बँड काढलाय. दोन गिटार, ड्रम, बासरी आणि गाणारी एक मुलगी. चार महिन्यांत तीन गाणी बसली, पण नाव काही बसत नाही. गेल्या रविवारी सगळी पोरं आमच्याकडे जेवायला होती, तेव्हा एकेक नाव सुचवायचं आणि दुसऱ्याने ते हाणून पाडायचं असा खेळ चालला होता.

आमच्या हॉलमध्ये वडिलांच्या भजन मंडळाचा जुना फोटो आहे. मधे पेटीवर बुवा, उजवीकडे पखवाज, मागे झांजवाला आणि कोरस. खाली पाटी: ‘श्री अमुक प्रासादिक भजन मंडळ, मुंबई’. (देवाचं नाव गाळलंय, नाहीतर मालवणकडचे लोक लगेच गाव ओळखतील.) ती मुलगी म्हणाली, “काका, प्रासादिक म्हणजे प्रसाद वाटणारे का?” भाचा म्हणाला, “छे, प्रासाद म्हणजे राजवाडा. राजवाड्यात गाणारे.” दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी पंचाईत झाली. लहानपणापासून हा शब्द पाटीवर, बॅनरवर, डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) पोस्टरवर वाचत आलोय, पण अर्थ कधी विचारलाच नाही. ‘श्री’सारखा तोही डोळ्यांना सवयीचा झालेला.

तर प्रश्न असा: हा शब्द प्रसादावरून की प्रासादावरून? आणि तो भजन मंडळांनाच का चिकटला? कुणी ‘प्रासादिक बँड’ म्हटलेलं ऐकलं नाही.

प्रतिसाद

व्याकरणाने विचाराल तर तुमची भाची-भाचे मंडळी दोघंही पास.

‘इक’ प्रत्यय लागला की शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. समाजचं सामाजिक, धर्मचं धार्मिक, तसं प्रसादचं प्रासादिक. आता ‘प्रासाद’ला तोच प्रत्यय लावा. पहिला स्वर आधीच ‘आ’ आहे, तो आणखी वाढणार कुठे? म्हणून तिथेही प्रासादिकच. एकाच रूपात दोन शब्द येऊन बसलेत, त्यामुळे निकाल वापरावरून लावावा लागतो. मराठीत प्रासादिक हा शब्द राजवाड्यासाठी वापरात नाही. आपण प्रासादिक ग्रंथ म्हणतो, प्रासादिक वाणी म्हणतो, प्रासादिक कविता म्हणतो. सगळीकडे मूळ प्रसाद.

फक्त इथला प्रसाद म्हणजे हातावर पडणारा शिरा नव्हे. संस्कृतात प्रसादचा पहिला अर्थ निवळणं, स्वच्छ होणं. गढूळ पाणी निवळतं तसं. त्यावरून मन निवळणं, प्रसन्न होणं, आणि मग प्रसन्न झालेल्याने केलेली कृपा. शिरा, साखर, फूल हे त्या कृपेचं हातात घेता येईल असं रूप. काव्यशास्त्रात ‘प्रसाद गुण’ म्हणतात तो पहिल्या अर्थाचा, म्हणजे वाचताक्षणी कळणारं. ‘प्रासादिक ग्रंथ’ म्हणताना दुसरा, म्हणजे देवाच्या किंवा गुरूच्या कृपेने झालेला. तुमच्या पाटीवरचा हा दुसरा.

आणि हा शब्द फार परका समजू नका. प्रसादचं जुन्या मराठीतलं रूप ‘पसाय’. ज्ञानेश्वरी 1290 सालची, तिच्या शेवटी मागितलंय ते पसायदान, म्हणजे प्रसादाचं दान. घरातलाच शब्द आहे, पाटीवर तो संस्कृत कपडे घालून आलाय इतकंच.

प्रतिसाद

गोव्याहून लिहिते. मला याचा आणखी एक अर्थ लागतो. आमच्याकडे देवळात ‘प्रसाद-पाकळी’ असते. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, प्रश्न सांगायचा, आणि कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचा होकार-नकार समजायचा. कोकणात कौल लावतात त्यातलाच प्रकार. म्हणजे प्रसाद म्हणजे परवानगीसुद्धा! देवाच्या नावाने मंडळ काढायचं तर देवाला विचारूनच काढणार. प्रासादिक म्हणजे देवाने हो म्हटलेलं, असं असेल का?

मूळ लेखक

ताई, वाचून क्षणभर वाटलं की हेच बरोबर असावं. पण मुंबईतल्या चाळीत खोलीखोलीतून जमलेल्या मंडळांनीही हा शब्द लावलाय, आणि तिथे कौल लावायला गुरव कुठून आणणार? म्हणून ‘कृपेने’ हाच अर्थ मला जास्त पटतो. तुमचा अर्थ मात्र मनातून जाणार नाही.

वरच्या व्याकरणाच्या प्रतिसादामुळे एक गंमत सापडली. वडिलांच्या ट्रंकेत जुनी हँडबिलं आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर ‘॥ श्री अमुक प्रसन्न ॥’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रासादिक भजन मंडळ’. प्रसन्न आणि प्रसाद दोन्ही प्र + सद् याच धातूचे. म्हणजे वर देव प्रसन्न झाला आणि खाली त्याच प्रसन्नतेतून मंडळ निघालं. छापणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसेल.

आता नावाची बांधणी बघा. आधी देव, मग प्रासादिक, मग आपण काय करतो ते, आणि शेवटी गाव. गाणाऱ्याचं नाव कुठेच नाही! बुवांचं नाव येतं ते पोस्टरवर, ‘बुवा अमुक विरुद्ध बुवा तमुक’ असं, आणि शेजारी कंसात गुरूचं. मंडळाच्या नावात बुवा नाहीत. माझ्या मते प्रासादिक या शब्दाचं खरं काम हेच आहे: मंडळ आमचं नाही, देवाचं, आम्ही फक्त पेटी वाजवतो. (मग डबलबारीत दुसऱ्या बुवाची यथेच्छ धुलाई करायची, ते वेगळं.)

प्रतिसाद

तमाशाच्या फलकावर याच्या बरोबर उलटं. आम्ही नारायणगावजवळचे, त्यामुळे हंगामात राहुट्यांबाहेर लागलेले बोर्ड वाचतच मोठे झालो. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ.’ ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे करवडीकर लोकनाट्य तमाशा मंडळ.’ देव नाही, माणूस आहे, ठसठशीत आहे, आणि गाव त्याच्या आडनावातच शिरलंय.

या नावांतला मला सगळ्यात आवडणारा शब्द म्हणजे ‘सह’. पहिल्या नावात मुलगा आधी आणि आई सह, दुसऱ्यात आई आधी आणि मुलगा सह. एका अव्ययात घराण्याची गादी कुणाकडून कुणाकडे चाललीय ते कळतं. पत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब’ सोडलं तर बोलीभाषेत ‘सह’ फारसा उरलेला नाही, पण तमाशाच्या बोर्डावर तो अजून पगारी नोकरीत आहे.

दशावतारातही गावच पुढे. मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर. लोक पुढचं ‘दशावतार नाट्य मंडळ’ म्हणतच नाहीत. “आज मोचेमाडकर आहेत” म्हटलं की झालं.

प्रतिसाद

देव नको, माणूस नको, गाव नको. आमच्या दिंडीचं नाव आकडा आहे.

माउलींच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे. वाटेत कुणी विचारलं, “कुठली दिंडी?” तर उत्तर “रथामागे अमुक नंबर.” कागदोपत्री लांबलचक नाव असतं, पण मुक्कामावर तंबू शोधताना, हरवलेल्या म्हातारीला पोचवताना आकडाच कामाला येतो. चालायचा क्रम हेच नाव. टाळ-मृदंग घेऊन आळंदीहून पंढरीपर्यंत गात जाणारा हा जमाव आहे, त्यामुळे यालाही गाणाऱ्यांचा गटच म्हणा.

शिवाय ‘फड’ आहेच. वासकर, देहूकर, आजरेकर, शिरवळकर. तमाशाचाही फड, कुस्तीचाही फड, उसाचाही फड आणि वारकऱ्यांचाही फड. या चौघांना एका शब्दात बसवायचं धाडस मराठीनेच करावं.

प्रतिसाद

पुण्यातून. मी ताशा वाजवते. आमच्याकडे शब्द ‘पथक’. तो लष्करी आहे, पेशवाईत सरदाराच्या हाताखालच्या घोडदळाला पथक म्हणायचे. त्यामुळेच की काय, नावंही चढाईवर निघाल्यासारखी: शिवगर्जना, रुद्रगर्जना. नाद, रुद्र, शिव, गर्जना, मुद्रा हे पाच शब्द फिरवून दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर अर्धं पुणं संपतं. मला यातली बरीच नावं एकमेकांपासून वेगळी सांगता येत नाहीत, आणि मी त्यांच्यातलीच आहे!

पण जुनी पथकं शाळेच्या नावाने ओळखली जातात. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि. हे फक्त आपल्याकडचं नाही. बीटल्सच्या आधी लेननचा जो शाळकरी गट होता त्याचं नाव क्वारीमेन, त्यांच्या लिव्हरपूलच्या क्वारी बँक शाळेवरून. 1956 ची गोष्ट. ती पोरं शाळेचंच नाव लावून राहिली असती तर? रमणबागवाले तर राहिलेच की.

प्रतिसाद

यादीत ‘ताफा’ राहिला. आता तो फक्त मंत्र्यांच्या गाड्यांचा उरलाय, पण पूर्वी गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा असे. मूळ अरबी ताइफा, म्हणजे गट, टोळी. त्याचंच अनेकवचन तवायफ. एक शब्द लाल दिव्याच्या गाडीत जाऊन बसला, दुसरा बदनाम झाला. सख्खी भावंडं.

अवांतर: ‘मंडळी’चंही तसंच. किर्लोस्कर नाटक मंडळी (1880), गंधर्व नाटक मंडळी (1913) यांत ती कंपनी, भाषणाच्या सुरुवातीला श्रोते, आणि जुन्या पिढीच्या तोंडी “आमची मंडळी माहेरी गेलीय” म्हणजे बायको. नाटकवाल्याने हे वाक्य म्हटलं तर काय समजायचं?

प्रतिसाद

मूळ लेखकाशी थोडा असहमत. पूर्वी नावात देव, माणूस किंवा गाव असे आणि आताच्या बँडवाल्यांनी नुसते हवेतले शब्द आणले, असा सूर लागतोय. ललितकलादर्श ही नाटक कंपनी 1908 सालची आहे. त्यात ना देव, ना मालक, ना गाव. ‘ललित कलांचा आरसा’ हे नाव आज एखाद्या बँडने घेतलं तर आपण त्याला आगाऊच म्हटलं असतं. 1944 सालचं लालबावटा कलापथक घ्या, नावात झेंडा आहे.

उलट आताचे बँड गावाकडे वळतात. कोचीच्या थैक्कुडम ब्रिजचं नाव ते राहत होते त्या भागातल्या पुलाचं. इंडियन ओशन या बँडचं नाव त्यांचा गिटारवाला सुस्मित सेन, त्याच्या वडिलांनी सुचवलेलं, म्हणजे बारशाला घरातलं वडीलधारं माणूस हजर! सगळ्यात सुंदर मला कोलकात्याचं वाटतं, मोहीनेर घोडागुली, ‘मोहीनचे घोडे’. 1975 साली बंगाली कवी जीबनानंद दासांच्या कवितेतल्या ओळीतून उचललेलं. मोहीन कोण, घोडे कुणाचे, काही सांगत नाही आणि तरी विसरता येत नाही.

मराठीत मला ‘अभंग रिपोस्ट’ हे नाव आवडतं. अभंग म्हणजे न भंगणारा, रिपोस्ट म्हणजे दुसऱ्याचं जसंच्या तसं पुढे पाठवणं. वारकरी तरी आणखी काय करतात? तुमच्या प्रासादिकच्या जवळ जाणारं आजचं नाव कुठलं असेल तर हे. गाणं आमचं नाही, आम्ही पुढे पाठवतोय.

मूळ लेखक

रिपोस्टची गोष्ट भाच्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “मग आम्ही प्रासादिकच लावतो. नुसतंच. पुढे काही नाही.” गाणारी मुलगी लगेच हो म्हणाली. ड्रमवाल्याचं म्हणणं, लोकांना प्लास्टिकसारखं ऐकू येईल. त्यावर वाद सुरू आहे.

शेवटी एक शुद्धलेखनाचं, कारण हा धागा त्यासाठीही आहे. ‘इक’मधला ‘इ’ ऱ्हस्व. प्रासादिक. बॅनरवर मात्र दहातल्या आठ ठिकाणी ‘प्रासादीक’ दिसेल, काही ठिकाणी पहिला काना गाळून ‘प्रसादिक’. परवा गावच्या मंडळाचा नवा फ्लेक्स आला, त्यावर दोन्ही चुका एकदम: ‘प्रसादीक’. मी फोन करून बुवांना सांगितलं, अजून टांगला नसेल तर बदलून घेऊया. बुवा म्हणाले, “आसूं दे रे, देवाक समाजता.”