'सुजाता'मध्ये कुणाला किती जागा आहे, हे मोजायचं कसं?

माचीपेठ (सातारा)
एम.ए.च्या प्रकल्पाला १९५०च्या दशकातला एक कौटुंबिक चित्रपट घेऊन त्यात कोणत्या समाजाला, बायकांना किती स्थान आहे ते तपासायचंय. मी बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) घेतला. तक्ता केला: पात्र, जात, बाई की पुरुष, पडद्यावरची मिनिटं. गंमत म्हणजे सिनेमा फर्स्ट क्लासमध्ये पास होतोय! नायिका ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी, सिनेमाला नाव तिचंच, शिवाय सुलोचना, शशिकला, ललिता पवार, सगळ्यांना भरपूर काम. तरी बघताना काहीतरी खुपत राहतं. ते कागदावर आणू कसं? आमच्या मॅडमना 'खुपतं' चालत नाही.

हरभटरोड (सांगली)
ताई, मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. तोच सिनेमा आठवडाभर रोज दाखवला की गोष्टीतला रस संपतो आणि माणसं कुठं उभी आहेत तेवढंच दिसायला लागतं. घरची सख्खी मुलगी रमा कॉलेजात, सुजाता घरकामात. रमाचा वाढदिवस, गाणं, पाहुणे, सुजाताचा?

टेलिफोनवरचं गाणं घ्या. तिकडून सुनील दत्त तलतच्या आवाजात गातोय, इकडं नूतन रिसीव्हर कानाला लावून. डोळे भरतात, बोलत काही नाही. तुमच्या तक्त्यात ती मिनिटं तिच्याही खात्यावर पडली असणार. त्यापेक्षा तिला कुणी काही विचारलं किती वेळा आणि तिनं सांगितलं किती वेळा, ते मोजा. नूतननं काम असलं भारी केलंय (फिल्मफेअर उगाच नाही मिळालं) की तिचं गप्प राहणंच गोड वाटायला लागतं. घोळ तिथंच आहे.

वाळवेकर
हरभटकाकांचं पटलं. माझी भर एवढीच, की जे पडद्यावर नाहीत त्यांचाही रकाना करा. सुजाताचे आईबाप पटकीनं गेले, आणि त्यांच्याबरोबर तिचा समाजही सिनेमातून गेल्यासारखाच. मग तिला ठेवायची का, द्यायची कुठं, उजवायची कुणाशी, सगळा निवाडा वरच्या जातीच्या दिवाणखान्यात. शेवटी रमाच्या आईला, चारूला, रक्त दिल्यावर ती खरी मुलगी ठरते. आणि रक्त जुळलं नसतं तर?

सिनेमात गांधीजींचा पुतळा आहे, टागोरांची चंडालिका आहे. बाबासाहेब नाहीत. नागपूरचं धर्मांतर १९५६चं, म्हणजे तीनच वर्षांपूर्वीचं. आणि त्याच १९५९ साली आमच्या वाटेगावच्या अण्णाभाऊंची 'फकिरा' कादंबरी आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. त्यातला फकिरा कुणी आपल्याला पोटाशी धरावं म्हणून थांबत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पोवईनाका
अहो, जरा सबुरीनं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५चा. तो झाल्यावर चार वर्षांत धंद्याच्या हिंदी सिनेमात अशी नायिका आणायची, हेच केवढं धाडस! आजची पट्टी घेऊन जुन्या लोकांना झोडपायची फॅशनच झालीय.

माचीपेठ (सातारा)
काका, धाडस मी मान्यच करते. पण पट्टी आजची कशी? आपल्याच गावात कर्मवीरांनी १९२४ला बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत होती. सिनेमा त्यानंतर ३५ वर्षांनी आला.

पोवईनाका
कर्मवीर काढलेत म्हटल्यावर काय बोलायचं! पण प्रकल्पात १९५५चा कायदा टाकाच.

माचीपेठ (सातारा)
टाकते. हरभटकाका, 'विचारलं किती वेळा' यात घरच्यांनी सांगितलेली कामंपण धरायची का?

हरभटरोड (सांगली)
ती वेगळी लिहा. 'चहा आण' म्हणजे काय विचारणं झालं होय?