मदत हवी आहे : एमडी बालरोग झालंय, पेशंट न सोडता संशोधन करायचंय, फॉर्म कुठे भरू?

तलावकाठ
कोणीतरी पटकन सांगा. एमडी पेडियाट्रिक्स झालंय, बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) मार्चमध्ये संपतो. पेशंट सोडायचे नाहीत आणि संशोधनही करायचंय. विषय सिकलसेलची मुलं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. फेलोशिप, पीएचडी की थेट आयसीएमआरला (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) प्रस्ताव? तिन्हींचे फॉर्म उघडून बसलेय. प्रत्येकात होस्ट इन्स्टिट्यूशनचा, म्हणजे जिथे संशोधन करणार त्या संस्थेचा, रकाना आहे, तिथेच अडते. जिथे शिकले तिथल्या सरांना फोन केला, ते म्हणाले आधी सुपरस्पेशालिटी (एमडीनंतरची डीएम पदवी) कर, मग बघू. घरी लग्नाची घाई, ती वेगळीच. बीसीबीआर (संशोधन पद्धतीचा कोर्स) केलंय का म्हणून विचारू नका, तो कोर्स सगळ्यांनाच करावा लागतो. डेटा माझ्याकडे आहे. फक्त कुठे भरू तेवढं सांगा.

सावलीतला_लिंब
जिल्हा कोणता? बॉण्ड मेडिकल कॉलेजात की सरकारी दवाखान्यात? कायम नोकरी आहे का? आयसीएमआरच्या अनुदानाला मुख्य संशोधक कायम नोकरीतला लागतो, बॉण्डवर असशील तर तो रस्ता आत्ता तरी बंद. आणि "डेटा आहे" म्हणजे नेमकं काय आहे?

अंबानगरी
तुझ्या सरांचं म्हणणं मला पटतं. नीट एसएस (डीएमची प्रवेश परीक्षा) दे, हिमॅटॉलॉजी (रक्ताचे आजार) नाहीतर निओनेटॉलॉजी (नवजात बाळं) घे. 22 वर्षं अमरावतीत प्रॅक्टिस करतोय म्हणून सांगतो. माझ्या बॅचचे दोघं संशोधनाच्या मागे लागले, पस्तिशी उलटली तरी दर वर्षी नवीन कंत्राट. हुशार होते माझ्यापेक्षा. हातात डीएम असलं की दार कोणीही उघडतं.

दूरदेशी
मी मूळचा यवतमाळचा, अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ आहे. डीएमने दार उघडतं हे खरं, पण आत गेल्यावर वेळ कोण देतं? इकडे हीच चर्चा 1979 पासून चालू आहे. त्या वर्षी जेम्स विनगार्डन यांनी लिहिलं होतं की रुग्ण पाहता पाहता संशोधन करणारा डॉक्टर नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. आता इथे बालरोगाच्या रेसिडेन्सीतच (एमडीसारखं प्रशिक्षण) संशोधनाला वेळ राखून ठेवणारा एक मार्ग आहे. पुढे एनआयएचची (इथली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) के08 आणि के23 अनुदानं मिळतात. प्रयोगशाळेकडे कल असेल तर पहिलं, रुग्णांवरचं संशोधन असेल तर दुसरं. दोन्हींत कामाचा किमान 75 टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो आणि संस्थेला तसं लिहून द्यावं लागतं. पैशापेक्षा ही अट मोठी आहे. म्हणून फॉर्म नंतर बघ. तुला ओपीडीतून कोण सोडणार, ते आधी ठरव.

मोहफूल
75 टक्के! दादा, तुमचं यवतमाळ सुटून बरीच वर्षं झाली वाटतं. आमच्याकडे तालुक्याला मुलांचा डॉक्टर एक. ती आठवड्यातले चार-साडेचार दिवस अभ्यासाला बसली तर एसएनसीयूतली (आजारी नवजातांच्या कक्षातली) बाळं कोण पाहणार? मी तिथली सिस्टर आहे, म्हणून बोलते. आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या 47 गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. तिथे कोणी राखीव वेळ मोजून दिला होता?

दूरदेशी
ताई, तेच उदाहरण मी दिलं असतं. गडचिरोलीत जायच्या आधी दोघेही जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले. आणि संस्था स्वतःची उभी केली, म्हणून वेळ त्यांचा त्यांच्या हातात राहिला. प्रत्येक तरुण डॉक्टरने संस्था उभारावी असं आपण म्हणू शकतो का? शिवाय अभय बंग मेडिसिनचे एमडी, बालरोगाचे नव्हेत.

मोहफूल
बाळं वाचली ना? मग एमडी कशातलं होतं याला काय धरून बसायचं.

वैनगंगेचा
मी डाक्टर नाही, पण ताईनं लग्नाचं लिवलं म्हून सांगतो. ताई, लग्नाआधी दोघाईची सिकलची तपासणी करून घ्या. आमी नाही केली. दोघंही वाहक निंगालो, म्हंजे आजार नाही पण दोष अंगात. दोघं वाहक असले का दर बाळंतपणात चारातल्या एकाले हा आजार व्हायची भीती असते, हे मले पोरगा दोन वर्षाचा झाल्यावर समजलं. त्याले ताप आला का आमी रातभर झोपत नाही. दोनदा रातच्या रात नागपूरले नेलं. सिकलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी आमच्याकडं कधी भेटते, कधी नाही. ते कोणाले बोलावं?

सावलीतला_लिंब
दादा, गोळीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेल समन्वयकांना भेटा. तिथेही नसेल तर शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
तलावकाठ, तू कुठे गेलीस? विचारलेल्या एकाचंही उत्तर नाही.

तलावकाठ
ड्युटी होती, आत्ता आले. गोंदिया जिल्हा. तालुका लिहीत नाही, लगेच ओळखतात. बॉण्ड सरकारी दवाखान्यात, कॉलेजात नाही, कायम नोकरी नाही. लग्नाचं ध्यानात ठेवते दादा, मी स्वतः वाहक आहे.

डेटा म्हणजे माझ्या तीन वह्या. सिकलचं मूल ताप घेऊन आलं की त्याच दिवशी लिहिते. ताप किती दिवसांचा, प्लीहा (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) किती बोटं वाढलेली, हिमोग्लोबिन, मलेरिया, न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस झाली का, पेनिसिलिन चालू आहे का, घरून दवाखान्यात यायला किती वेळ लागला. पुस्तकात पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन सांगितलंय. त्याचा आधार 1986 ची अमेरिकेतली चाचणी, त्यात गंभीर जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाला होता. पण ती मुलं आफ्रिकी वंशाची. आपल्या मुलांत अरब-भारतीय हॅप्लोटाइप (सिकलच्या जनुकाचा एक प्रकार) असतो, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, प्लीहा जास्त वर्षं टिकते. म्हणून इथला सिकल सौम्य असं शिकवलं गेलं. मला रोज सौम्य दिसत नाही. मग आमच्या मुलांना हा ताप कशाचा? न्यूमोकॉकस किती, दुसरे जंतू किती? इथे ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) होत नाही. या पावसाळ्यात दोन मुलं रात्रीतून गेली, कशाने गेली ते मला माहीत नाही. मला हेच शोधायचंय. सुपरस्पेशालिटीच्या तीन वर्षांत ही मुलं माझ्यासमोर नसतील.

आकडेमोड
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, इतका चांगला प्रश्न आहे. मी संशोधन पद्धती शिकवतो, म्हणून आधी कडू सांगतो. वहीला एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आहे?

तलावकाठ
नाही. उपचारासाठीच लिहीत होते. दवाखान्यात तशी कमिटीच नाही.

आकडेमोड
उपचाराची नोंद म्हणून वही ठेवण्यात चूक नाही. पण तिच्यातून शोधनिबंध लिहायचा तर मंजुरी आधी लागते, जुन्या नोंदी असल्या तरी. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सोय आहे : स्वतःची कमिटी नसलेली संस्था करार करून दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीकडे जाऊ शकते. जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते, ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. तोपर्यंत वहीचे फोटो कोणालाही पाठवू नकोस, गाइडलाही नाही. नावांच्या जागी क्रमांक घाल आणि कोणता क्रमांक कोणाचा ती यादी वेगळी, कुलपात ठेव.

आणि एक. दवाखान्यात आलेल्या मुलांचीच नोंद तुझ्याकडे आहे. जी घरी गेली किंवा वाटेत गेली ती वहीत नाहीत. त्यामुळे "किती मुलांना होतं" हे या वह्या सांगणार नाहीत. "आलेल्यांत कसं दिसतं" एवढं सांगतील. पुढच्या अभ्यासाचा पाया म्हणून ते पुष्कळ आहे.

अंबानगरी
प्रश्न खरंच चांगला आहे, हे मान्य. पण मार्चनंतर पगार कोण देणार? तिचं घर चालायला नको?

सावलीतला_लिंब
तेच सांगतो. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आहे, विषय अगदी तुझाच. नागपुरात लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आहे. तिथे एनआयएचच्या ग्लोबल नेटवर्कसाठी ग्रामीण भागातल्या गरोदर बाया आणि बाळांवर मोठे अभ्यास झाले आहेत, गरोदरपणातल्या अॅस्पिरिनच्या चाचणीतही नागपूर होतं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात विचार. नागपूरच्या एम्सलाही. यातल्या एका ठिकाणी प्रकल्पावर संशोधक म्हणून लागलीस तर पगार, एथिक्स कमिटी आणि गाइड एकाच छताखाली. इंडिया अलायन्सची (केंद्र सरकार आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा संयुक्त निधी) क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याची फेलोशिप पाच वर्षांची असते, ती त्यानंतर माग. होस्टचा रकाना तेव्हा आपोआप भरतो. पीएचडी त्याच कामातून होईल. नुसत्या पदवीसाठी आत्ता फॉर्म भरू नकोस.

दूरदेशी
सहमत. फक्त रुजू होताना वेळेचं लेखी घे. आठवड्यातून दोन दिवस म्हणाले तर कोणते दोन, तेही. आणि गाइड निवडताना नावापेक्षा हे बघ की त्यांच्या हाताखालच्या मुलांची नावं निबंधावर पहिली लागतात का.

मोहफूल
आणि उरलेले दिवस इकडेच ये ग. कल्चरच्या बाटल्या मंजूर झाल्या तर रात्री रक्त मी काढीन. बाटली नागपूरपर्यंत कशी पोचवायची तेवढं तू बघ, आमची शेवटची एसटी साडेपाचला जाते.

तलावकाठ
सिस्टर, बाटलीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. प्रस्तावात ते आधी घालते. चंद्रपूरला उद्या फोन करते, सेवाग्रामला मंगळवारी स्वतः जाऊन येते. एका पानात प्रश्न लिहून नेते, वह्या नेणार नाही.

वैनगंगेचा
ताई, पोराच्या तापाच्या तारखा मीबी क्यालेंडरवर लिवून ठेवल्या हायत, तीन वर्षाच्या. कामात येतीन का?

आकडेमोड
येतील दादा. क्यालेंडर जपून ठेवा. मंजुरी आली की ताई संमतीपत्र घेऊन येतील, ते वाचून सही करा, मगच द्या.

सावलीतला_लिंब
तलावकाठ, तू उघडलेल्या फॉर्मची शेवटची तारीख सांगितलीच नाहीस.