मदत हवी आहे: आर्न्हेमचा सेनानी ब्लॅक रॉड झाला, त्या १४ वर्षांबद्दल

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी लेफ्टनंट जनरल सर ब्रायन हॉरॉक्स यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. युद्धाचा भाग झालाय, ब्रिटिश संसदेतल्या काळापाशी गाडी अडली आहे.

जन्म १८९५चा, आपल्याकडच्या रानीखेतचा. वडील लष्करात डॉक्टर. १९१४ साली, पहिल्या महायुद्धात, हॉरॉक्स स्वतः जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले. पळायचे प्रयत्न करतात म्हणून रशियन कैद्यांत नेऊन टाकलं, तर तिथे बसून रशियन शिकले! त्या रशियनपायी पुढे सायबेरियात रवानगी आणि १९२०मध्ये बोल्शेविकांची कैद. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन. १९४३ला ट्युनिशियातल्या बिझर्ट इथे जर्मन विमानाच्या गोळ्या लागल्या, वर्षभराहून जास्त काळ अंथरुणाला. तरीही सप्टेंबर १९४४मध्ये नेदरलँड्समधल्या आर्न्हेमकडे निघालेल्या थर्टी कोअरचं (अनेक डिव्हिजनांच्या ब्रिटिश सैन्यदलाचं) नेतृत्व त्यांच्याकडेच. बहुतेक लेख इथेच संपतात.

मला त्यापुढचं हवंय. १९४९ ते १९६३ ते ब्लॅक रॉड होते, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची (लॉर्ड्सची) शिस्त आणि समारंभ बघणारे अधिकारी. अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा किंवा राणीचा निरोप घेऊन कॉमन्सकडे (लोकांनी निवडलेल्या खालच्या सभागृहाकडे) जायचं, तोंडावर दार आपटलं जायचं, मग काळ्या काठीने तीन ठोके. १६४२मध्ये पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला सभागृहात घुसला होता, त्याची ही आठवण. अख्खी कोअर हाकलेला माणूस लोकांनी निवडलेल्यांच्या दाराशी परवानगीसाठी थांबतो, हे मला आर्न्हेमइतकंच मोठं वाटतं.

आता अडचण. कॉमन्सचं सभागृह १९४१च्या बॉम्बहल्ल्यात जळालं होतं आणि ऑक्टोबर १९५०पर्यंत सदस्य लॉर्ड्सच्या सभागृहात बसत. मग मार्च १९५०च्या उद्घाटनाला हॉरॉक्सनी ठोके दिले ते नेमक्या कुठल्या दारावर? दुसरं, ऑक्टोबर १९५८मध्ये लॉर्ड्समध्ये पहिल्या स्त्री सदस्या आल्या. नव्या सदस्याच्या पुढे ब्लॅक रॉड चालतो. त्या दिवशी स्वतः हॉरॉक्स होते, की त्यांचा दुय्यम अधिकारी?

हॅन्सार्ड (संसदेतल्या कामकाजाची अधिकृत नोंद) चाळतेय, पण त्यात भाषणंच जास्त. लंडनकर मंडळींपैकी कुणी संसदेच्या दफ्तरातून जुने कागद मागवलेत का? ईमेलवर प्रती देतात का, पैसे किती पडतात? त्या काळच्या वर्तमानपत्रांतली छायाचित्रं कुठे बघायला मिळतील, तेही सांगा. मजकूर महिनाअखेरीस द्यायचाय, तेव्हा अर्धवट माहिती असली तरी जरूर लिहा, पुढचं मी शोधेन.