नवरात्रात भोंडल्याची गाणी: जशीच्या तशी, बदलून, की नकोतच?

रानजाई (ठाणे)

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची नवरात्राची मीटिंग झाली. दरवर्षीसारखंच ठरलं. नऊही रात्री स्पीकरवर गरबा, आणि ललितापंचमीच्या संध्याकाळी साडेपाच ते सहा भोंडला. त्या अर्ध्या तासासाठीसुद्धा यंदा दोन सूचना आल्या. गाणी म्हणायला कोणी पुढे येत नाही, तर यूट्यूबवरचा ट्रॅक लावू. आणि सासू-सुनेची गाणी काढून मुलींना पाठ असलेली सिनेमाची गाणी घेऊ. दोन्ही हात वर करून मंजूर झाल्या. माझा एकटीचा विरोध होता, पण तिथल्या गलक्यात 'गरबा नको' यापलीकडे मला धड बोलता आलं नाही. म्हणून इथे मांडते.

भोंडल्याची गाणी आश्विनातलीच आहेत, आणि ती नुसती परंपरा म्हणून नव्हे. सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो, परतीचा पाऊस सुरू असतो. हस्त म्हणून हत्ती, म्हणून पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर. हादगा, म्हणजे भोंडलाच, सोळा दिवसांचा. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, मग रोज एकेक वाढवत सोळापर्यंत. गाणी आतून बघितली तरी तेच दिसतं. 'कारल्याचा वेल'मधली सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला तर म्हणते, आता कारली येऊ दे. पावसाळ्यात लावलेल्या कारल्याला फळ धरायला दोनेक महिने जातात. म्हणजे त्या मुलीने अख्खा श्रावण-भाद्रपद वाट बघितली आहे. हे गाणं मे महिन्यात लग्नाच्या संगीतात म्हटलं तर त्यातलं काहीच कळत नाही.

आणि ती 'सून' केवढी होती? संमतिवयाच्या कायद्याने १८९१ साली मुलीचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा केलं, १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा झालं. त्याआधी फेर धरणाऱ्या कितीतरी जणी आठ-दहा वर्षांच्या असणार. घरात जे बोलायची सोय नव्हती ते त्या अंगणात टाळ्या वाजवत म्हणत होत्या. ते काढून त्याजागी सिनेमाचं गाणं आणलं तर सण आपला, पण गाणं कुणाचंच नाही.

ट्रॅकबद्दलही सांगते. गेल्या वर्षी एकदा लावला होता. बी विंगमधल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी फेरात होत्या. त्या नेहमी पुढे म्हणतात, बाकीच्या मागून. कुणी उशिरा आलं की त्या एक कडवं जास्त घेतात, नवी मुलगी फेरात शिरते, तिचं पाऊल जुळतं, मग पुढचं. खिरापतीचा डबा यायचा असला की गाणं लांबवतात. ट्रॅक थांबत नाही. तिसऱ्या कडव्याला फेर तुटला, लहान मुली एकमेकींवर आपटल्या, आणि आजी हात सोडून बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. सगळं संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तुमच्याकडे काय करतात? आणि मी चुकत असेन तर तेही सांगा.

सरळरेषा

रानजाई, तुमची तळमळ पोचली, पण मी त्या मीटिंगमध्ये असते तर माझा हात वर गेला असता. कारण सांगते.

माझं लग्न २००४ सालचं. पहिली दिवाळी माहेरी करायला मला तीन जणांना विचारावं लागलं होतं, आणि उत्तर यायला अकरा दिवस लागले. तुम्ही ज्याला गाण्यातलं वाट बघणं म्हणता ते मी फोनच्या शेजारी बसून बघितलेलं आहे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिने हसत, टाळ्या वाजवत 'आता तरी धाडा ना' म्हणावं हे मला सहन होत नाही. तिला त्यातलं दुःख कळत नाही, फक्त चाल कळते. आणि चालीबरोबर सासर असंच असतं हे मनात मुरतं.

दुसरं त्याहून मोठं. 'श्रीकांता कमलकांता'. असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं, म्हणत नवऱ्याच्या एकेका वेडेपणावर सगळ्या हसतात. माझ्या सख्ख्या भावाला गेली बारा वर्षं मानसिक आजार आहे. ते गाणं सुरू झालं की मी दरवर्षी फेरातून बाहेर पडते. 'अगं, जुनं गाणं आहे' असं मला किमान चार जणींनी सांगितलंय. जुनं आहे हे मला माहीत आहे.

खानदेशी

आमच्याकडे भोंडला नाही, भुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेला बसते, कोजागरीला उठते, महिनाभर. मातीच्या भुलाबाई-भुलोजी म्हणजे पार्वती-शंकरच. टिपऱ्या घेऊन गाणी, घरोघर फिरून खाऊ ओळखायचा. डबा कानाशी नेऊन हलवायचा, वाजतं की थुलथुलतं ते ऐकायचं, मग ओळखायचं. जळगावात लहानपणी माझ्या बहिणींबरोबर मीही जायचो, खाऊसाठी.

सांगायचं हे की गाणी कधीच जशीच्या तशी नव्हती. आमच्या गल्लीत एक शेवट, पलीकडच्या गल्लीत दुसरा. तुमच्या कारल्याच्या वेलाचंच घ्या. सासू, सासरा, दीर, सगळ्यांना विचारून झालं की शेवटी नवऱ्याची पाळी येते. काही ठिकाणी तो काठी उचलतो. काही ठिकाणी म्हणतो, 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा.' दोन्ही शेवट म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून आलेले. यातला मूळचा कोणता, हे कोण ठरवणार? कुठल्यातरी अंगणात कुणा बाईला काठी नको वाटली असेल, तिने वेणी घातली. किंवा उलटं, कुणाला वेणी खोटी वाटली असेल. दोघींना हक्क होता, मग आपल्यालाही आहे.

डेसिबल

मी अशाच एका सोसायटीत कार्यक्रम समितीत आहे, ठाण्यात नाही. समितीची बाजूही ऐका.

आमच्याकडे ८८ फ्लॅट. मराठी घरं निम्म्याहून कमी. केरळची, उत्तर प्रदेशची, गुजराती, बंगाली कुटुंबं. वर्गणी सगळे देतात. मग सगळ्यांना येईल, सगळ्यांना नाचता येईल असं संगीत निवडणं आमचं काम आहे. स्पीकर लावला की अंगण भरतं. दोन वर्षांपूर्वी स्पीकरशिवाय भोंडला ठेवला, चौदा जणी आल्या आणि त्यातल्या पाच समितीतल्याच. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर परवानगीशिवाय बंद. आम्ही ती पाळतो. सणाचं गाणं कोणतं हे पंचांगावरून नाही, खाली उतरलेल्या माणसांवरून ठरवावं असं मला मनापासून वाटतं. अंगणात कुणी आलंच नाही तर गाणं कितीही योग्य असून उपयोग काय?

मुलुंडकर

मी गुजराती, शाळा मराठी माध्यमाची. गरब्यावर सगळा राग निघतोय म्हणून लिहितो.

स्पीकरवर जे वाजतं त्याला गरबा म्हणू नका, एवढीच विनंती. गरबो म्हणजे भोकं पाडलेला मातीचा घट, आत दिवा. त्याच्याभोवती फेर धरायचा आणि मातेची गाणी गायची. माझी बा नऊ दिवस अंबामातेचीच गाणी म्हणायची, बे ताली आणि त्रण ताली, म्हणजे दोन टाळ्या नि तीन टाळ्या, बाकी काही वाद्य नाही. २०२३च्या डिसेंबरात युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवी वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ती खूप रडली, कारण आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये तिची गाणी कुणी ऐकत नाही. तिथेही रात्रभर सिनेमाच.

तुमच्या मधोमध हत्ती, आमच्या मधोमध दिवा. महिना तोच, फेर तोच, तोंडाने म्हणायची रीत तीच. रानजाईताई, तुमचं भांडण गरब्याशी नाही.

मांडवी

गोव्यात धालो, म्हणजे बायकांची फेराची नाच-गाणी, पौषातच. मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, बायका जमतात, चांदण्यात. माझ्या मावशीला एकदा एका कार्यक्रमासाठी मे महिन्यात धालोची गाणी म्हणायला बोलावलं होतं, तिने सरळ नाही म्हटलं. फुगडी हवी तर घालते म्हणाली. गाण्याला महिना असतो हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कढीपत्ता (न्यू जर्सी)

इथे आश्विन शनिवारी येतो. म्हणजे ज्या शनिवारी शाळेचा हॉल मिळेल त्या दिवशी. हस्ताचा पाऊस नाही, बाहेर मेपलची पानं लाल व्हायला लागलेली. तरी भोंडला होतो आणि पन्नासेक मुली येतात.

गेल्या वर्षी नणंदा-भावजयांचं गाणं चालू होतं, शिंक्यावरचं लोणी कुणी खाल्लं ते. नऊ वर्षांच्या एका मुलीने मध्येच विचारलं, शिंकं म्हणजे काय? आम्ही चौघी आया, आणि चौघींनी चार उत्तरं दिली. कुणीच शिंकं वापरलेलं नव्हतं. मग एकीने सुतळी आणली, गाठी मारल्या, आत स्टीलचा डबा ठेवून बास्केटबॉलच्या रिंगला लटकवला. मुली उड्या मारमारून बघत होत्या हात पोचतो का. मांजर, उंदीर, मुंग्या आणि शिंकं हे सगळं त्या दहा मिनिटांत कळलं. त्या मुलीच्या मराठीत त्या दिवशी एक शब्द वाढला. सिनेमाच्या गाण्याने तो वाढला नसता.

म्हणून मी सरळरेषा यांच्याशी अर्धीच सहमत आहे. नको ते गाणं वगळा, पण बाकीच्यांतले शब्द सोपे करू नका. अडलेला शब्द हीच तर विचारायची जागा आहे.

सरळरेषा

शिंकं समजावणं सोपं आहे. ते लटकवून दाखवता येतं. परवानगी मागणारी सून कशी लटकवून दाखवू? खानदेशी म्हणतात तसा वेणीचा शेवट घेतला, तरी शेवटी परवानगी नवराच देतो ना? तिने स्वतः पिशवी भरली आणि निघाली, असं एकही कडवं मला आजवर ऐकायला मिळालेलं नाही.

रानजाई (ठाणे)

सगळं वाचलं, काही दोनदा.

आधी श्रीकांताबद्दल. सरळरेषा, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी ते गाणं चाळीस वर्षं म्हणतेय. कुजका नवरा गळ्यात पडलेल्या मुलीची ती तक्रार आहे असं मी धरून चालले होते, आणि ते खरंही असेल. पण फेरात तुम्ही उभ्या असाल तर ते गाणं मी म्हणणार नाही. आमच्या यादीतून काढतेय.

कारल्याचा वेल मात्र मी सोडणार नाही. मुलीला दुःख कळत नाही म्हणता, मला वाटतं ते आज कळायलाच हवं असं नाही. मलाही आठव्या वर्षी कळलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी, सासरी, भांडी घासताना ते गाणं आपोआप तोंडात आलं आणि मी हात धुवून आईला फोन केला. त्या वेळी ते माझ्याजवळ नसतं तर मी काय म्हटलं असतं मला माहीत नाही. ते मुलींकडे आधीपासून असू द्यावं, एवढंच.

डेसिबल, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला, कारण चौदाचा आकडा खरा आहे. पण माणसं कमी आली ती मराठी गाण्यांमुळे, की आमच्यासारखं साडेपाचला ठेवलं तर तेव्हा कामावरून कुणी परतलेलंच नसतं म्हणून? आमच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजारणीने मागे एकदा फेर बघून सांगितलं होतं की त्यांच्याकडे ओणमला कैकोट्टिकळी असते, दिव्याभोवती फेर, टाळ्या, तोंडाने गाणं. 'एक लिंबू झेलू बाई' तिला दोन कडव्यांत आलं, आकडे तेवढे शिकावे लागले. तिला बोलावण्यासाठी गाणं बदलावं लागलं नाही, दाराची बेल वाजवावी लागली.

मुलुंडकर, तुमचं पटलं. मीटिंगमध्ये मी 'गरबा नको' म्हणाले होते, तो शब्द मागे घेते. उलट तुमच्या बा जवळपास असत्या तर एका रात्री आमच्याकडे स्पीकर बंद ठेवून त्यांचीच गाणी ऐकली असती.

समितीच्या अध्यक्षांना आज पत्र दिलंय. भोंडला साडेसातला, ट्रॅक नाही, आजी म्हणतील तशी गाणी. उत्तर आलेलं नाही.

डेसिबल

साडेसातला ठेवलात तर फरक पडेल, हे मान्य. स्पीकर पूर्ण बंद मात्र मला अजून पटत नाही. मागच्या फेरातल्यांना ऐकूच जात नाही.

खानदेशी

दोन फेर करा. फेर मोठा झाला की आमच्याकडे आत लहान मुलींचा, बाहेर बायकांचा असे दोन असत. बाहेरच्या जणी मागून म्हणतात, आवाज आपोआप वाढतो.

सरळरेषा

रानजाई, श्रीकांताबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच 'जुनं आहे' म्हटलं नाही.

कारल्याबद्दल मी बदललेले नाही. मुलीला फेरातून काढणारही नाही, पण ते गाणं झालं की घरी नेऊन सगळा अर्थ सांगणार, माझ्या अकरा दिवसांसकट. आणि एक कडवं मी स्वतः जोडणार आहे. सासू, सासरा, दीर, नवरा सगळे विचारून झाल्यावर सून कुणालाच विचारत नाही असं. चालीत बसवून बघतेय, 'माहेरा'ला यमक सापडत नाहीये.

कढीपत्ता (न्यू जर्सी)

'बाहेरा' चालेल?